दसऱ्यानंतरची पहिली घंटा

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बोरकडेवाडीच्या माध्यमिक विद्यालयात परिपाठ चालू असताना प्रयोगशाळेत बार झाला. सगळी शाळा मैदानावर रांगेत उभी होती आणि जास्मिन नावाची नववीतली मुलगी माईकवर अडखळत प्रतिज्ञा सांगत होती. पोरांना वाटलं, कुणीतरी दिवाळीआधीच सुतळी बॉम्ब लावला. दोघंचौघं हसलीसुद्धा. मग विज्ञानाचे पीटर सर प्रयोगशाळेच्या दारात आले, भिंतीला धरून पायरीवर बसले, आणि त्यांची डावी मांडी रक्तानं भिजलेली सगळ्यांना दिसली.

आम्ही पोचलो तेव्हा सरांना श्रीगोंद्याच्या दवाखान्यात हलवलं होतं. शाळेच्या फाटकाशी अख्खा गाव जमला होता आणि प्रत्येकाच्या हातात तयार उत्तर होतं. कुणी म्हणालं मोबाईल, कुणी म्हणालं सिनेमे, कुणी म्हणालं छडी बंद केली तिथंच वाटोळं झालं. गावात काही घडलं की कारणं सांगणाऱ्यांची कधी टंचाई पडत नाही. टंचाई पडते ती बघितलेलं सांगणाऱ्यांची.

मी सहादेव खामकर, हवालदार. रिटायर व्हायला आलो तरी शाळेत गोळी चालल्याचं कधी ऐकलं नव्हतं. गावठी कट्टे पुष्कळ पाहिले, पण बाजारात, ढाब्यावर, वाळूच्या टेम्पोत. शाळेत म्हटल्यावर मी वाटेतूनच घरी फोन लावला, हे सांगायला मला लाज वाटत नाही. माझी नात सहावीत आहे.

माझ्या साहेब म्हणजे सहायक निरीक्षक ग्रेस साळवे. देवळाली प्रवराच्या, वडील मिशनच्या शाळेत मास्तर. बाईंना एक खोड आहे. कामाचं विचारायच्या आधी त्या बिनकामाचं विचारतात, आणि आपण मूर्खासारखे उत्तरं देत बसतो.

"कोण होतं आत?" त्यांनी मुख्याध्यापिका पुष्पावती मॅडमना विचारलं.

"सर एकटेच. पण दहावीचा करण पळून गेलाय." पुष्पावती मॅडमनी आपला मोबाईल पुढं केला. रीलमध्ये तो पोरगा जत्रेतलं खेळण्यातलं पिस्तूल नाचवत होता, खाली लिहिलं होतं, नाद करायचा नाय. "सुट्टी लागायच्या दिवशी सरांनी त्याचा मोबाईल जप्त केला होता. तो सरांना म्हणाला, बघून घेतो."

शाळेच्या शिपाई छबूबाई पुढं आल्या. "मी बघितला साहेब. बार झाला अन् ह्यो परयोगशाळेच्या मागनं पळाला, कंपाउंडावरनं उडी टाकून उसात. लई भ्यालेला हुता."

"हातात काही होतं?"

"दप्तर बी न्हवतं."

प्रयोगशाळेत कट्टा नव्हता. म्हणजे तो करणच्या खिशात, उसात असणार, असं सगळ्यांनी धरलं. आणि आमच्या मोठ्या साहेबांनी फोनवर सांगितलं, पब्लिकची मदत घ्या. पब्लिक तयारच होती. वीसेक मोटारसायकली फाटकाबाहेर धडधडत होत्या आणि बऱ्याच जणांच्या मागं कोयते खोचलेले होते.

२

मोटारसायकलींच्या पुढं होता कानिफनाथ. पंचविशीचा गडी, गळ्यात जाड साखळी, गावातल्या पोरांचा भाऊ. "म्याडम, तुमी काळजीच करू नगा. ऊस विंचरून काढतो. त्यो पोरगा पोलिसांच्या हाती देतो," असं म्हणून त्यानं गाडीला किक मारली.

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? चार-पाच पोलीस आणि शेकडो एकर ऊस, माणसं लागणारच.

साळवे मॅडम मात्र प्रयोगशाळेत जमिनीकडे बघत फिरत होत्या. टेबलापाशी रक्त, तिथून थेंब कोपऱ्याकडे, कोपऱ्यातून परत पुढच्या दाराकडे. मागचं दार नुसतं लोटलेलं होतं. खिडकीला कबुतरांसाठी लावलेली बारीक जाळी होती, धड.

"आज प्रतिज्ञा जास्मिननं का सांगितली?" त्यांनी छबूबाईंना विचारलं.

झालं बिनकामाचं सुरू, मी मनात म्हटलं.

"रोज दहावीची सृष्टी सांगती. आज ती रांगंत न्हवती, मग जास्मिनला हुबी केली."

आम्ही दवाखान्यात गेलो. पीटर सर शुद्धीवर होते, चेहरा चुन्यासारखा. गोळी मांसातून आरपार गेली होती, हाड वाचलं होतं. त्यांनी सांगितलं, "खिडकीतून कुणीतरी मारली. मी पाठमोरा होतो, दिसलं नाही."

"बरं," मॅडम म्हणाल्या. "आज लॅबमध्ये कुठला प्रयोग होता?"

"प्रयोग? काहीच नाही. सुट्टीनंतरचा पहिला दिवस, कपाटसुद्धा उघडलं नव्हतं."

"आणि दसरा कसा गेला?"

सर कसनुसे हसले. "आमच्याकडे कुठली पूजा, मॅडम? तुम्हाला काय सांगायचं. भाऊ आला होता जेम्स, जेवलो, झोपलो."

बाहेर आल्यावर मॅडमनी नर्सबाईंकडे सरांची पॅन्ट मागितली. मांडीवरच्या भोकाभोवतीचं कापड काळं जळालेलं होतं. मग त्यांनी विचारलं, "सरांचे हात कुणी धुतले?"

"मीच. डावा लगेच स्वच्छ झाला. उजव्या तळव्यावरचं रक्त काही जाईना. साबण लावून घासलं तर आणखीच लाल! घाई होती, मी नाद सोडला."

मॅडम तशाच परत आत गेल्या. मीही मागं गेलो. सरांचा उजवा तळवा त्यांनी हातात घेऊन उलटा केला. तो आता लाल नव्हता, पिवळा होता.

सरांनी हात मागं ओढला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

३

"खामकर, तुमच्या घरी हळदीचा डाग धुवायला साबण लावतात का?" जीपमध्ये मॅडमनी विचारलं.

"लावला की बायको ओरडते. हळद लाल होते."

"आणि पाण्यानं साबण निघाला की?"

"परत पिवळी." माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला, पण अर्धाच. "म्हणजे सरांच्या हाताला हळद होती. त्यात काय? दसऱ्याला गावभर हळद असते."

"हळद-कुंकू बोटानं लावतात. त्यांचा तळवा भरलाय. हळद लावलेली वस्तू कुणीतरी त्यांना दिली आणि त्यांनी ती मुठीत घट्ट धरली." त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "आमच्या घरी खंडेनवमी नाही. पण शेजारी शेतकरी होते. त्या दिवशी ते कोयता, विळा, पहार सगळं धुऊन पाटावर मांडायचे. मी रोज ज्या कोयत्यानं त्यांच्याकडून ऊस तोडून घ्यायची, त्याला त्या दिवशी हात लावला तर काकू ओरडायच्या. हल्ली पोरं पाटावर आणखी काय मांडतात, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

मला माहीत होतं. गेल्या वर्षी एकानं तलवारीची पूजा केलेला फोटो स्टेटसला लावला होता आणि आम्ही त्याला उचलला होता.

"म्हणजे पुजलेला कट्टा सरांच्या हातात होता?"

"गोळी सुटली तेव्हा त्यांच्याच हातात होता. खिडकी लांब आहे, जाळी फाटलेली नाही आणि पॅन्ट जळालीय. गोळी वीतभर अंतरावरून सुटलीय. ते कट्टा रिकामा करायला गेले आणि खटका सुटला."

"मग कट्टा गेला कुठं?"

"गोळी लागलेला माणूस मदतीसाठी दाराकडे जातो. सर आधी कोपऱ्यात गेले. कोपऱ्यात काय आहे?"

मला आठवलं. कोपऱ्यात आग विझवायच्या वाळूची लाल बादली होती. शाळेतली अशी बादली म्हणजे पोरांची कचराकुंडी. त्यात पेन्सिलीचा भुसा, चॉकलेटचे कागद, क्वचित तंबाखूची पिंकसुद्धा असते. आम्ही परत आलो आणि मी वाकून बघितलं. या बादलीत वरची वाळू स्वच्छ, ओलसर होती. सगळा कचरा खाली गेला होता.

मी हात घातला. कोपरापर्यंत गेला तेव्हा बोटांना लाकडी मूठ लागली. बाहेर काढला तेव्हा वाळूसकट मुठीच्या खाचेत हळद होती, कुंकू होतं आणि नळीला एक अक्षता चिकटली होती.

मोबाईल वाजला. कानिफनाथचा माणूस ओरडत होता, "हवालदार, उसात हालचाल दिसलीय! घेरलाय त्याला!"

४

"त्यांना सांगा, कुणी आत जायचं नाही," मॅडम म्हणाल्या. मी सांगितलं. पण मोटारसायकलींच्या आवाजात तिकडं कुणाला ऐकू गेलं देव जाणे.

करणनं गोळी झाडली नव्हती, हे आता मलाही कळत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात तसा प्रकार चालला होता, आणि फास घेऊन आम्हीच माणसं पाठवली होती.

"सर खोटं का बोलले?" मी विचारलं.

"शत्रूनं मारलं असतं तर नाव घेतलं असतं. स्वतःचा कट्टा असता तर त्यावर पूजा नसती. त्यांनी ज्याच्याकडून तो घेतला, त्याला ते वाचवतायत. जी आज प्रतिज्ञेला रांगेत नव्हती, तिला."

सृष्टी दहावीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसली होती. मॅडमनी सगळ्यांना बाहेर काढलं, मलाही दारात उभं केलं. वर्दीची टोपी काढून त्या तिच्या शेजारी बाकावर बसल्या.

"सर बरे आहेत," त्या म्हणाल्या. "पाय वाचला. त्यांनी तुझं नाव घेतलेलं नाही."

पोरगी इतका वेळ दगडासारखी होती. हे ऐकल्यावर तिचा बांध फुटला.

"मी नेम न्हाई धरला मॅडम. मी फकस्त दिला. सर म्हनाले, घाबरू नको, मी गोळी काढतो... अन् वाजला. मला म्हनाले, मागच्या दारानं पळ, कुनाला सांगू नको, तुज्या घरात कळलं तर तुला जिवंत ठेवनार न्हाईत."

"कुणाचा आहे?"

तिनं मान खाली घातली.

"सृष्टी, करणला लोक शोधतायत. ते त्याला गोळी मारणारा समजतायत."

तिनं मान वर केली. तिचा चेहरा बघून मी दाराची चौकट घट्ट धरली.

"मॅडम, कट्टा त्याच्यासाठीच आनला हुता," ती म्हणाली. "करणनं मला काष्टीच्या बाजारातनं गाडीवर घरी सोडलं, एवढंच. कुनीतरी फोटो काढला. दादा म्हनला, दसरा झाला की त्याला शाळेच्या फाटकातच गोळी घालतो, म्हंजी गावातल्या सगळ्या पोरींना कळंल. करणला ते माहिती हुतं, म्हनून त्यो रांगंत न जाता मागं लपला असंल. त्यानं बार ऐकला असंल, अन् मला रडत पळताना बघितलं असंल. त्याला वाटलं असंल, दादा आला."

"तुझा दादा कोण?" मी दारातून विचारलं, पण उत्तर मला आधीच कळलं होतं.

"कानिफनाथ."

५

आम्ही जीपकडे धावलो नाही. मला धावायचं होतं. मॅडमनी माझ्या दंडाला धरून थांबवलं.

"आपण उसात शिरलो तर तो आपल्या आधी पोचेल. तो तिथं आहे आणि ऊस त्याचा आहे. त्याला बाहेर काढायचं. ह्या माणसाला काय आवडतं?"

मी विचार केला. "फोटो. पोलिसांबरोबर फोटो."

मॅडमनी त्याचा नंबर लावला. आवाज इतका गोड की मला हसू येत होतं आणि घाम फुटला होता. "कानिफभाऊ, कट्टा सापडला बरं का. शाळेतच. पंचनामा करायचाय, पंच म्हणून वजनदार माणूस लागतो. पत्रकार येतायत. तुमची सगळी पोरंही घेऊन या, सगळ्यांचा फोटो घेऊ."

पलीकडून त्यानं विचारलं, "त्यो पोरगा?"

"तो कुठं जातोय? तुम्ही या."

तो आला. सगळ्या मोटारसायकली मागं घेऊन आला, केस नीट करून. सकाळी उठल्यावर कट्टा घरात सापडला नसणार आणि शाळेतल्या बारानंतर तो करणनंच चोरला, असं तो धरून चालला असणार. आता तो कुठला कट्टा आहे हे बघायची त्याला घाई झाली होती.

प्रयोगशाळेच्या टेबलावर रुमालाखाली कट्टा ठेवला होता. आत गोळी नव्हती, मी दोनदा बघितलं होतं. रिकामं काडतूस आमच्याकडे पाकिटात बंद होतं. मॅडम रुमालासकट कट्टा उचलत गप्पा मारायला लागल्या. नळी कानिफनाथकडे, बोट खटक्यावर, जसं काही बाईमाणसाला यातलं काही कळत नाही.

"हे असलं जुनं लोखंड, कसलं चालतंय हो, गंजलेलं—"

"म्याडम, खाली!" कानिफनाथ एकदम टेबलामागं वाकला. "खटका लई हलका हाय त्याचा!"

रुमाल अजून कट्ट्यावर होता.

"तुम्हाला कसं माहीत?" मॅडमनी विचारलं.

तो सरळ झाला, हसायचा प्रयत्न केला, दाराकडे बघितलं. दारात मी होतो. मागची पोरं गुपचूप गाड्यांकडे सरकायला लागली होती.

तासाभरात करण स्वतःहून काष्टी रस्त्यावर आला. मोटारसायकलींचा आवाज थांबल्यावर त्याला धीर आला होता. अंगभर उसाच्या पात्यानं चिरलेलं. त्याचा टेम्पो चालवणारा बाप त्याला मारायला धावला आणि मारायच्या ऐवजी मिठी मारून रडत बसला. मीही बाजूला जाऊन डोळे पुसले.

६

पण कानिफनाथ कच्चा नव्हता. ठाण्यात बसल्यावर त्यानं पवित्रा बदलला. "कट्टा माझा न्हाई. शाळेत सृष्टीनं नेला, तिला इचारा. खटक्याचं मी अंदाजानं बोललो."

मॅडम बाहेर आल्या तेव्हा पहिल्यांदाच थकलेल्या दिसल्या. तो खोटं बोलत होता, पण त्याचं खोटं टिकणारं होतं. कट्टा पोरीनं नेला हे खरं होतं, आणि सर तरी दुसरं काय सांगणार? अल्पवयीन असली म्हणून काय झालं, गाव तिला जन्मभर कट्टेवाली म्हणणार, आणि भाऊ जामिनावर सुटून घरी येणार, जिथं ती असणार.

फोनवर मॅडमनी पीटर सरांना झापलं होतं. "करणचं नाव मी घेतलंच नाही," सर म्हणत होते. "तुम्ही गप्प बसलात, सर. गावानं नाव घेतलं," मॅडम म्हणाल्या. सरांवरही पुरावा लपवल्याची कारवाई होणार होती. त्यांनी ती कबूल केली.

दुपारी रतनबाई आली. सृष्टीची आणि कानिफनाथची आई. डोक्यावर पदर, हातात काही नाही. बाकड्यावर बसली.

मला तिचा राग आला होता. मी बोललोच, "मावशी, कट्ट्याची पूजा करता? घरात दुसरं काही नव्हतं का पुजायला?"

"मीच पुजला," ती म्हणाली. "लोकं म्हनतील, आईनं कट्टा पुजला. म्हनू द्या. त्यानं खंडेनवमीला आनला अन् म्हनाला, आजच त्या पोराच्या घरी जाऊन उडवतो. मी म्हनलं, आज खंडेनवमी हाय, आधी पुजू दे. एकदा पुजलं की सोनं वाटूस्तवर पाटावरनं उचलायचं न्हाई, ही त्याच्या बापाची शिस्त. दारू प्याला तरी तेवढी एक मोडत न्हाई ह्यो. मला दसऱ्याच्या सांजंपातुर टाईम मिळाला."

मी खाली बघितलं.

"आणि दसऱ्याला?" मॅडमनी विचारलं.

"सोनं वाटायला गेला, दोस्तांत बसला, पहाटं येऊन पडला. तवा मी पोरीच्या दप्तरात घातला. म्हनलं, पीटर सरांकडं दे, दुसऱ्या कुनाकडं न्हाई. त्यो मानूस एकदा घरी येऊन कानिफला समजवून गेल्ता. दुसरं कोन आलं हुतं?"

"आमच्याकडे का नाही आलात?"

रतनबाईनं दाराबाहेर बोट दाखवलं. ठाण्यासमोरच्या चौकात कानिफनाथच्या वाढदिवसाचा फलक होता, चांगला जीपएवढा. महिनाभर होता. आमच्यातलं कुणी तो काढा म्हणालं नव्हतं.

"त्याला फाशी व्हईल का?" तिनं विचारलं.

"नाही. कुणी मेलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही त्याला खुनी होऊ दिलं नाहीत. पण तुम्ही सांगितलं नाही तर हे सगळं सृष्टीच्या अंगावर येईल."

आतल्या खोलीतून कानिफनाथचा आवाज आला. "आये! काय बी बोलू नगं!"

तिचे डोळे भरले. ती त्या दाराकडे खूप वेळ बघत राहिली. मॅडमनी घाई केली नाही. मीही कागद समोर घेऊन तसाच बसलो, आणि आतून तो पुन्हा पुन्हा हाका मारत होता.

मग तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळली.

"लिवा," ती म्हणाली. "माजं नाव रतनबाई. अन् कट्टा माज्या पोराचा हाय."